चारही चाके खडकावर

दूरनियंत्रकाने चालणाऱ्या, खडकांवर चढणाऱ्या छोट्या गाडीस शौकिनांच्या भाषेत 'रॉक क्रॉलर' म्हणतात. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची अशी एक गाडी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेस भेट दिली. शाळेमागील टेकडीच्या काळ्या पाषाणावर तिची पहिली परीक्षा झाली आणि दहापैकी आठ वेळा ती उलटली. मोटार अशक्त आहे, मोठी आणावी, असे मुलांचे निदान होते. तेवढा खर्च शाळेस झेपणारा नव्हता. म्हणून आम्ही सर्वांनी आधी गाडीकडेच नीट पाहावयाचे ठरविले.

उलटण्यापूर्वी प्रत्येक वेळी तिचे एक चाक हवेत असे. मोटार फिरत होती, चाकेही फिरत होती. मात्र गाडीचा भार तीन चाकांवर येऊन सांगाडा कलत होता. वेगाने धावणाऱ्या गाडीत सस्पेन्शनने धक्के शोषून घ्यावयाचे असतात. क्रॉलर माणसाच्या चालीहूनही सावकाश जाते, तेव्हा धक्क्यांचा प्रश्न तिला फारसा नाहीच. तिच्या सस्पेन्शनचे मुख्य काम म्हणजे खळग्यात चाक खाली उतरू देणे. (मंगळावरील रोव्हर किंवा आपल्या चांद्रयान-३ चा प्रज्ञान यांना तर स्प्रिंगच नसते, जोडदांड्यांच्या रचनेनेच त्यांची सहाही चाके जमिनीला टेकून राहतात.)

आमच्या गाडीच्या स्प्रिंग इतक्या कडक होत्या की गाडी उभी असताना शॉक पूर्ण ताणलेले असत. चाकास खाली जाण्यास जागाच उरली नव्हती. सुट्या भागांच्या पेटीतील मऊ स्प्रिंग बसविल्या. शॉकची एकूण हालचाल ३० मि.मी. होती, आता गाडी स्वतःच्या वजनाने सुमारे १० मि.मी. खाली बसू लागली. तेवढे अंतर चाकास खळग्यात उतरण्यासाठी मिळाले. ताठ उभी गाडी दिसावयास दमदार दिसते, हे मात्र खरे.

शॉकवरील कडे आवळले की स्प्रिंग कडक होते, अशी एक समजूत आहे. आमचीही होती. गाडीच्या टपावर २०० ग्रॅमचे वजन ठेवून, कडे सैल असताना व आवळल्यावर, गाडी किती दबते ते पट्टीने मोजले. दोन्ही वेळा अंतर तेच आले. कड्याने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नाही. मोटारीच्या जोराने सांगाडा एका बाजूस पिळवटतो, तेव्हा त्या बाजूचे कडे किंचित आवळणे उपयोगी पडते, इतकेच.

शॉकमधील सिलिकॉन तेल पातळ असेल तर चाक चटकन खाली उतरते. फार दाट असेल तर गाडी पुढे निघून जाते आणि चाक मागाहून उतरते. निरनिराळ्या कंपन्यांच्या बाटल्यांवरील क्रमांक परस्परांशी जुळतातच असे नाही, हे ध्यानात ठेवावे. तेल भरताना हवेचा बुडबुडा राहू देऊ नये.

सर्वाधिक लाभ भोजनगृहातील वजनकाट्याने झाला. पुढील चाके काट्यावर व मागील चाके तितक्याच उंचीच्या विटेवर ठेवली. एकूण २,४०० ग्रॅमपैकी पुढे केवळ १,१५० ग्रॅम भार होता. चढावर भार आपोआप मागे सरकतो. म्हणून सपाटीवर तो पुढे अधिक असावा लागतो. मागे, उंचावर बसविलेली बॅटरी काढून पुढे, शक्य तितकी खाली बांधली. पुढील भार १,३५० ग्रॅम, म्हणजे सुमारे ५६ टक्के झाला.

इतिहासाच्या शिक्षकाने या उद्योगात का पडावे, असे सहकारी विचारतात. पुराव्यावाचून विधान करू नये, एवढेच आम्ही येथेही शिकविले: एका वेळी एकच बदल, दहा वेळा चढण, आणि प्रत्येक वेळची नोंद. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात तीन बदल एकदम केले होते. कशाने काय झाले ते कळेना, आणि सारे पुन्हा पूर्ववत करावे लागले. ती नोंद आम्ही खोडली नाही.

त्याच खडकावर गाडी आता बहुतेक वेळा चढून जाते. माथ्याजवळच्या खड्या टप्प्यावर मात्र मागचा भाग अजून दबतो व पुढील चाके हलकी होतात. मागील वरच्या दांडीचे सांगाड्याकडील टोक एक छिद्र खाली घेऊन पाहावयाचे आहे. मोठ्या मोटारीची मागणी तूर्त मागे पडली आहे.