सर्व्हरची डिस्क भरते तेव्हा

सर्व्हरची रूट डिस्क शंभर टक्के भरली की पहिलं लक्षण फार फसवं असतं. साइट उघडते, पण लॉगिन होत नाही. सेशनची फाइल लिहायलाच जागा नसते! प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री विभागाच्या सर्व्हरवर हेच झालं. सगळ्या ग्रुप्सच्या साइट्स त्याच मशीनवर.

दुसरी डिस्क आत बसवलेली होतीच. म्हटलं, तासाभराचं काम. अपाची आणि मायएसक्यूएल बंद केले, साइट्स आणि डेटाबेसचे फोल्डर सीपी कमांडला नुसता 'आर' लावून नव्या डिस्कवर नेले, जुन्या फोल्डरची नावं बदलून ठेवली आणि मायएसक्यूएल सुरू केला. उठेचना! लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड'. मी रूट म्हणून कॉपी केल्यामुळे सगळ्या फाइल्सचा मालक रूट झाला होता. 'आर'च्या जागी 'ए' दिला असता तर मालक, परमिशन, तारखा सगळं जसंच्या तसं आलं असतं. डेटाबेसचा मालक एका चाऊन कमांडने बदलता येतो हो, पण साइट्समध्ये प्रत्येक ग्रुपचा युजर वेगळा. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. जुने फोल्डर डिलीट केले नव्हते हेच नशीब.

या वेळी आरसिंक वापरला. खरी सोय अशी की पहिली फेरी सर्व्हर चालू ठेवूनच करता येते. मग सेवा बंद करून दुसरी फेरी मारायची, तीत फक्त बदललेल्या फाइल्स जातात. काही मिनिटांत काम. मात्र डेटाबेसची चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट असते, दुसऱ्या फेरीशिवाय तिच्यावर विसंबू नका. आणि सोर्सच्या नावापुढची तिरकी रेघ विसरलात तर फोल्डरच्या आत फोल्डर तयार होतो.

डेटाबेससाठी सिमलिंक हा सोपा मार्ग वाटतो, पण उबुंटूवर अ‍ॅपआर्मर मायएसक्यूएलला ठरलेल्या जागेबाहेर जाऊ देत नाही. म्हणून नव्या डिस्कवरचे फोल्डर जुन्या जागी बाइंड माउंट केले. एफएसटॅबमध्ये डिस्कचं एसडीबी हे नाव न लिहिता यूयूआयडी लिहा, कारण रीबूटनंतर एसडीए-एसडीबी यांची अदलाबदल होऊ शकते. रीबूट करण्याआधी 'माउंट ए' चालवून बघा; एफएसटॅबमधली चूक तेव्हाच कळलेली बरी, नाहीतर मशीन बूट होताना अडकतं आणि आपण हॉस्टेलवर!

आणखी एक. एक्स्ट-४ फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते, म्हणजे ५०० जीबीत २५ जीबी. नुसत्या डेटाच्या डिस्कवर एवढी कशाला? ट्यूनटूएफएसने ती १ टक्क्यावर आणली.

पहाटे चारला शेवटच्या ग्रुपचं लॉगिन चाललं. रूट डिस्क मात्र अजून भरलेलीच दिसत होती, कारण जुने फोल्डर तिथेच होते. सबमिशन होऊन दोन दिवस गेले, बॅकअप तपासला, आणि मगच ते उडवले.