पेट्रोलमध्ये अल्कोहोल कशासाठी?

शिक्षकांच्या देखरेखीखाली स्पिरिटचा दिवा आणि रॉकेलची चिमणी पेटवा. दोन्ही ज्योतींवर चिनी मातीची बशी क्षणभर धरा. चिमणीवरची बशी काजळते, दिव्यावरची जवळजवळ स्वच्छ राहते. असे का?

इथिल अल्कोहोलच्या रेणूत कार्बनचे २, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन इंधनातच! त्यामुळे ज्वलन अधिक पूर्ण होते आणि एंजिनाच्या धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड कमी निघतो. ॲसिटाल्डिहाइड मात्र थोडे वाढते.

आपल्या भंडारा जिल्ह्यात धान भरडताना कणी उरते. तिच्यातील स्टार्चची साखर करून, ती आंबवून अल्कोहोल मिळते. मोहफुलांत तर साखर आयतीच असते. देशात २०२५ साली पेट्रोलमधील अल्कोहोल २० टक्क्यांवर पोचले.

पण गाडी 'ॲव्हरेज' कमी देते, ही तक्रार खरी का? १ किलो पेट्रोल सुमारे ४४ मेगाज्यूल उष्णता देते, अल्कोहोल २७. जळण्यास हवा लागते अनुक्रमे १४.७ आणि ९ किलो. भागाकार करा. किलोभर हवेमागे उष्णता दोहोंतही ३ मेगाज्यूल! सिलिंडरात मावणारी हवा ठरलेली. म्हणून जोर जवळपास तोच, इंधन मात्र जास्त. २० टक्के मिश्रणात लिटरमागे उष्णता ६-७ टक्क्यांनी घटते.

अल्कोहोलचा ऑक्टेन क्रमांक मोठा असल्याने ते अधिक दाब सोसते. जास्त संपीडनाचे एंजिन बनवले, तर ही तूट काही अंशी भरून निघते. जुन्या एंजिनात ती तशीच राहते.

आता विचार करा: कणी एंजिनाला द्यावी, की कोंबड्या-गुरांना?