पाटी पुरती वाच

अगो, गाडीच्या पाटीवर गावाचं नाव सगळेच बघतात. तू आधी 'मार्गे' बघ. घाटाखाड्यांच्या मुलखात गाडीची खरी ओळख तिथंच पटते. मुंबईहून दापोलीला येणारी गाडी 'मार्गे महाड-खेड' असेल तर कशेडीकडून येते. 'मार्गे मंडणगड' असेल तर खेडला न जाता मंडणगडावरून. वाटेत खेडला कुणाला घ्यायचं असेल, तर ही दुसरी काय कामाची? दापोलीला 'केळशी' दिसली म्हणूनही लगेच चढू नकोस, ती मांदिवलीवरून जाणारी असली तर आपलं आंजर्लं लागतच नाही. 'हर्णै'त बसलीस तर जोग नदीच्या पलीकडे उतरशील. पूर्वी आम्ही तिथून होडीनं यायचो. आता पूल झालाय, पण सामान घेऊन पुढं रिक्षा शोधत बसावं लागेल.

सारख्या नावांना भुलू नकोस. मुंबईत 'मुरुड' लिहिलेली गाडी रायगडातल्या मुरुड-जंजिऱ्याची असते; आपलं मुरुड महर्षी कर्व्यांचं, दापोली तालुक्यातलं. पुण्यात नुसतं 'खेड' म्हणालीस तर लोक राजगुरुनगर समजतील, तिथं 'रत्नागिरीतलं खेड' असंच विचार. गावापुढं 'बु.' म्हणजे बुद्रुक, 'खु.' म्हणजे खुर्द. नाव एक, गावं दोन, आणि मध्ये कधी अख्खी नदी. 'रा.प.' म्हणजे राज्य परिवहन, आपली एसटीच.

'विनाथांबा' गाडी मधल्या गावांना थांबत नाही, ती आपल्या फाट्यावरच्या माणसांसाठी नव्हेच. 'विनंती थांबा' असेल तिथं मात्र पुढं उभं राहून नीट दिसेल असा हात करायचा. झाडाच्या सावलीत बसून राहिलीस तर गाडी निघून जाईल. तिकीट ६ किलोमीटरच्या टप्प्यावर असतं, म्हणून थोडं अलीकडे उतरल्यानं पैसे वाचतीलच असं नाही. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ते मागायला लाजू नकोस.

आणि वस्तीची गाडी नीट समजून घे. ती संध्याकाळी गावात येते, चालक-वाहक गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत सुटते. म्हणजे पहाटेच्या गाडीची खबर आदल्या रात्रीच मिळते. सकाळी खेडला रेल्वे गाठायची असेल, तर झोपण्याआधी कुणाला तरी विचार, वस्तीची आली का? पावसात दरड आली, झाड पडलं, की ती वर वाटेतच अडकते. आली नसेल तर पहाटेची वाट बघू नकोस, रात्रीच रिक्षावाल्याला सांगून ठेव.