संबळ, एमपी३ आणि आजीचे कान

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची! विषय आपल्याच सिग्नल प्रोसेसिंगचा आहे, पण सुरुवात करावी लागते ती तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणापासून.

गेल्या वर्षी चुलतभावाच्या लग्नानंतर घरी गोंधळ घातला. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या एकाच घरातले गोंधळी येतात. त्यातले आजोबा संबळ वाजवायचे, बाकीचे तुणतुणं आणि झांज. मी मैत्रिणीचा रेकॉर्डर आणून ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं, तेही डब्ल्यूएव्ही फॉरमॅटमध्ये, म्हणजे काहीही न दाबता. फाईल झाली जवळजवळ ४२० एमबीची. नातेवाईकांना फोनवर पाठवायची म्हणून तिची ६४ केबीपीएसची एमपी३ केली. १९ एमबी! खूश होऊन मूळ फाईल उडवली आणि कार्ड रिकामं करून परत दिलं.

आजीला ऐकवलं. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "ह्या संबळाला काय झालंय गं? भिजल्यावानी वाजायलाय."

मी तिला फोनच्या स्पीकरचं कारण सांगितलं. पण हेडफोन लावून ऐकलं तेव्हा कळलं की आजीचंच खरं. टिपरू पडल्याचा तो कडक आवाज नव्हताच. त्याच्या आधी जराशी "फस्स" आणि मग बोथट ठोका. झांज तर पाण्याखाली वाजत असल्यासारखी. दरम्यान गोंधळी आजोबांचा हात थरथरायला लागला होता. ते आता गातात, संबळ धरत नाहीत.

आता हे का झालं ते पाहू. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, आणि दोन चॅनेल. गुणाकार करा, १४,११,२०० बिट्स. म्हणजे मी दर २२ बिट्सपैकी साधारण एकच बिट ठेवला होता. एवढी काटछाट करूनही गाणं ओळखू येतं याचं श्रेय आपल्या कानाच्या एका सवयीला. झांजा वाजत असताना शेजारी बसलेल्या काकूंच्या बांगड्या किणकिणल्या तरी आपल्याला ऐकू येत नाहीत. याला मास्किंग म्हणतात. जे ऐकूच येणार नाही त्यावर बिट्स कशाला घालवायचे, हा एमपी३चा हिशोब. एमपी३ हा १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एमपेग-१ स्टँडर्डचा भाग. तो घडवणाऱ्यांपैकी जर्मनीचे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' हे वाद्यांशिवायचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकून आपली पद्धत सुधारत होते.

पण संबळ म्हणजे सुझान व्हेगा नव्हे! एमपी३ आवाजाचे ५७६ नमुन्यांचे, म्हणजे साधारण १३ मिलिसेकंदांचे तुकडे करून प्रत्येकातल्या फ्रिक्वेन्सी मोजतो आणि त्या ढोबळ आकड्यांत लिहितो. ही ढोबळपणाची चूक परत आवाजात येते तेव्हा अख्ख्या तुकड्यावर पसरते. ठोका तुकड्याच्या शेवटी असेल तर चूक त्याच्या आधीच्या शांततेत ऐकू येते. ठोक्याच्या नंतरचा गोंगाट कान बराच वेळ माफ करतो, आधीचा मात्र जेमतेम काही मिलिसेकंद. हीच ती "फस्स", हिचं नाव प्री-एको. त्यावर उपाय म्हणून एन्कोडर छोटे, १९२ नमुन्यांचे तुकडे वापरतो, पण त्यांना बिट्स जास्त लागतात, आणि ६४ केबीपीएसमध्ये बिट्स आणायचे कुठून? स्पेनमधली कॅस्टनेट नावाची लाकडी टाळ्यांसारखी वाद्यं याच कारणासाठी परीक्षेला वापरतात. आपल्याकडे संबळ आहेच की.

मग प्रश्न पडला, कमी दाबलं तर फरक कळतो का? दिवाळीच्या सुट्टीत गोंधळी आजोबांच्या नातवाचा संबळ तीन मिनिटं रेकॉर्ड केला आणि होस्टेलवर एबीएक्स चाचणी घेतली. यात अ म्हणजे मूळ, ब म्हणजे दाबलेली, आणि क्ष ही या दोघांपैकीच एक. क्ष कोणती ते १६ वेळा ओळखायचं. आवाजाची पातळी सारखी हवी, नाहीतर जी मोठी वाजते तीच "चांगली" वाटते. हेडफोन वायरचे, कारण ब्लूटूथ स्वतःच आवाज पुन्हा दाबतो.

६४ ला आम्ही तिघींनी सोळाच्या सोळा ओळखले. १२८ ला मी ९, म्हणजे छापा-काटाच. तबला शिकलेल्या रूम पार्टनरने मात्र १३ ओळखले. नुसत्या अंदाजाने १३ किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे एक टक्का आहे, त्यामुळे तिला खरंच ऐकू येत होतं असं मी मानते. तिलाच त्याच १२८ ला आजोबांचं नुसतं गाणं दिलं तर ७! ३२० ला कोणालाच काही कळलं नाही. आमच्या मजल्यावर "मी फक्त अनकॉम्प्रेस्ड ऐकते" म्हणणारी एक मुलगी आहे. तिला ८ आले. ती म्हणते हेडफोन खराब होते.

म्हणजे फरक आहे की नाही हा प्रश्नच अर्धवट आहे. किती दाबलं, काय दाबलं आणि कोण ऐकतंय ते आधी सांगा. बसमध्ये ऐकायला मीही एमपी३च वापरते. पण जे पुन्हा वाजणार नाही ते फ्लॅकमध्ये ठेवायचं. २००१ साली आलेला हा फॉरमॅट झिपसारखा आहे. फाईल साधारण निम्मी होते, पण उघडल्यावर बिट न् बिट मूळचा मिळतो. माझ्या त्या १९ एमबीची परत डब्ल्यूएव्ही करून पाहिली. ४२० एमबी झाली, संबळ तसाच ओला.

चैत्रात काकांच्या घरी गोंधळ आहे. नातू वाजवेल, आजोबा गाणार आहेत. या वेळी स्वतःचं नवीन कार्ड घेतलंय, ६४ जीबीचं. दुकानदाराने आकडा सांगितला तेव्हा मी उगाचच दचकले.