कर्करोगग्रस्त मुलांसाठी वर्गणी : एकदा नव्हे, दरमहा

देवगडच्या एखाद्या मुलाला कर्करोगासाठी परळच्या टाटा रुग्णालयात नेले की आपण लगेच वर्गणी काढतो. पण मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. ते पूर्ण झाले तर बरीच मुले बरी होतात. पैशाअभावी मध्येच सुटले, तर आजार उलटू शकतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांना मदत मिळते. रुग्णालयाचा दाखला असेल तर रेल्वेच्या स्लीपरमध्ये रुग्णाला तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. तरी खोलीभाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी उरतेच. म्हणून गावशाखा व मुंबई शाखेने मिळून उपचार संपेपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम द्यावी आणि हिशेब सभेत वाचावा, असे आम्ही सुचवतो.