कीटकांचे तोंड आणि कुळ

मी कला शाखेचा विद्यार्थी. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच आला. परंतु वाशीम जिल्ह्यातील इंझोरी येथे कपाशीच्या शेतात वाढल्यामुळे कीटकांची सोबत मात्र जन्माची आहे. लहानपणी पानांवरील काळपट, काटेरी अळ्या मी 'कीड' म्हणून चिरडीत असे. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या आणि मावा खाऊन आमचेच पीक राखीत होत्या, हे फार उशिरा समजले. ती चूक या लेखाला कारण झाली.

कीटकाच्या शरीराचे डोके, वक्ष व उदर असे तीन भाग असतात. वक्षाला पायांच्या तीन जोड्या व बहुधा पंखांच्या दोन जोड्या असतात. लिनियसने १७५८ साली कीटकांचे गण पाडताना मुख्यतः पंख पाहिले. त्याचा शिष्य फाब्रिसियस याने १७७५ च्या ग्रंथात तोंडाच्या रचनेला महत्त्व दिले. आपल्या कपाशीवरील लाल ढेकणाला शास्त्रीय नाव मिळाले तेही त्याच ग्रंथात.

आता नाकतोड्याचे तोंड पाहा. वरचा ओठ, कुरतडणारे दोन जंभ, त्यांच्यामागे दोन जंभिका व खालचा ओठ. ढेकूण, तुडतुडे व मावा यांच्यात तेच जंभ व जंभिका लांबून चार सुया झाल्या आहेत आणि खालचा ओठ त्यांचे म्यान झाला आहे. फुलपाखरात जंभिकांचेच भाग जुळून गुंडाळता येणारी सोंड बनली. मूळ अवयव तेच, कामे निराळी. कारण पूर्वज एक. म्हणून आजचे वर्गीकरण म्हणजे नुसते कप्पे नव्हेत, ती वंशावळ आहे. दिसण्यात भिन्न असलेले ढेकूण, तुडतुडे व मावा हेमिप्टेरा या एकाच गणाचे आहेत, तर बोंडअळी ही पतंगाची अळी, म्हणजे लेपिडॉप्टेरा गणाची.

हा भेद पुस्तकी नाही. भारतात २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीतील प्रथिन, बोंड कुरतडणाऱ्या अळीच्या पोटात जाऊन काम करते. रस शोषणाऱ्या तुडतुड्यांवर व माव्यावर त्याचा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी फवारणी चालूच राहिली. पुढे गुलाबी बोंडअळीतही ते प्रथिन सोसणाऱ्या अळ्या टिकल्या, त्यांचीच प्रजा वाढली आणि २०१७ साली विदर्भातील बोंडे तिने पोखरली. उत्क्रांती आपल्या बांधापर्यंत आली ती अशी! त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

मित्रहो, पंप पाठीवर घेण्यापूर्वी पान उलटून पाहावे. कीटकाचे तोंड कसे आहे आणि ते पानाला लागले आहे की माव्याला, एवढे तरी पाहावे. मी ते पाहिले असते, तर ढालकिड्याच्या कितीतरी अळ्या वाचल्या असत्या.