भरलेला बार किती दिवस ठेवावा?

पेनसिल्व्हेनियात नाताळ उलटला की चकमकीच्या बंदुकांचा हंगाम सुरू होतो. १९७४ पासून हरणांच्या शिकारीसाठी असा वेगळा हंगाम तिथे ठेवलेला आहे. आमच्याबरोबर नव्याने येणारा प्रत्येक जण पहिल्याच संध्याकाळी विचारतो, "दिवसभरात बार उडालाच नाही, तर बंदूक भरलेली ठेवायची का?"

दारू आपणहून नासत नाही. सोरा, कोळसा आणि गंधकाची काळी दारू कोरडी राहिली तर माणसाचं आयुष्य सरलं तरी पेटते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली अठराव्या शतकातली एक तोफ २०१३ साली साफ करायला घेतली, तर तिच्यात दारू आणि गोळा ठासलेलेच होते. पोलिसांचं बॉम्बशोधक पथक बोलवावं लागलं.

दारूचा खरा वैरी ओलावा. आमचा एक सोबती रोज संध्याकाळी भरलेली बंदूक उबदार घरात न्यायचा आणि पहाटे पुन्हा बर्फात आणायचा. गार लोखंडाला घरातली हवा लागली की बाहेरून पाणी धरतं, तसंच नळीच्या आतही धरतं. एका सकाळी हरीण समोर असताना त्याने चाप ओढला. रंजक, म्हणजे नळीबाहेरची पेटवणीची दारू, फसकन पेटली, पण बार उडाला नाही. काय झालं ते बघायला तो नळी स्वतःकडे वळवू लागला, तेव्हा मी ओरडलो. आत दारू धुमसत असेल तर बार उशिराही उडतो. तोंड मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायलाच हवं. मग चकमक काढली, ठासणीच्या गजाला स्क्रू लावला आणि नळीसमोरून बाजूला राहून गोळी ओढली. तिच्यामागून आला तो काळा, ओला चिखल.

म्हणून बार भरण्याआधी नळीतलं तेल पुसून ती कोरडी करावी. रात्री रंजक काढून बंदूक थंड, कुलूपबंद जागी ठेवावी. घरात आणूच नये. कोरड्या थंडीत, स्वच्छ नळीत भरलेला बार दोन-तीन दिवस ठेवायला माझी हरकत नसते. पाऊस किंवा ओला बर्फ लागला असेल, तर त्याच संध्याकाळी तो काढावा. एकदा बार उडवून त्याच नळीत पुन्हा भरला असेल, तरीही रात्रभर ठेवू नये, कारण आतली काजळी ओलावा ओढते आणि नळी गंजते. रोज सकाळी गज आत सोडून त्यावर बार भरताना केलेली खूण नळीच्या तोंडाशी जुळते का पाहावं. गोळी पुढे सरकून दारूपासून सुटली असेल आणि तसाच बार उडवला, तर नळी फुगते, प्रसंगी फुटते.

मला याहून मोठी काळजी वेगळीच वाटते. रंजक काढली की पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याच्या लेखी बंदूक रिकामी होते आणि गाडीतून नेता येते. प्रवासापुरतं ते ठीक आहे, पण दारू आणि गोळी नळीतच असतात, आणि हंगाम संपला की त्यांचा विसर पडतो. शेजारच्या एका आजींनी दिवंगत यजमानांची बंदूक साफ करायला दिली. अनेक वर्षं ती दिवाणखान्यात टांगलेली होती आणि नातवंडं तिचा घोडा मागे ओढून खेळत असत. मी गज आधी नळीच्या बाहेरून लावून कानापर्यंतची, म्हणजे रंजकेची आग आत जाते त्या भोकापर्यंतची, लांबी खुणेने धरली, मग तो आत सोडला. खूण तोंडाच्या तीन बोटं वरच राहिली. बार आतच होता. आजी खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ नातवांची नावं घेत राहिल्या.

तेव्हापासून हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी, परवानगी असलेल्या जागी, मऊ मातीच्या बांधात बार उडवून नळी धुतल्याशिवाय आम्ही कुणी घरी जात नाही. जो रात्री बंदूक भरलेली ठेवतो, तो चापाच्या कडीला लाल चिठ्ठी बांधतो.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी घेतलेल्या जुन्या ठासणीच्या बंदुका आजही काही घरांत आहेत. तुमच्याकडे अशी वडिलोपार्जित बंदूक असेल आणि ती शेवटची कुणी भरली हे ठाऊक नसेल, तर ती भरलेलीच आहे असं धरा. घोड्याला हात लावू नका, पोरांना लावू देऊ नका, आणि जाणत्या, परवानाधारक कारागिराकडून आधी नळी तपासून घ्या.